चौगुल्यांच्या दोन अटी

चौगुल्यांकडून जवसाची चटणी घ्यायची तर आधी अटी ऐकाव्या लागतात. "फुकट न्या राव. पण घरी काही बदललंत, लसूण वाढवलात, तर येऊन सांगायचं. गुपित ठेवायचं असेल तर वाटीचे पन्नास रुपये." माझी बायको पन्नास रुपये देऊन मोकळी झाली. म्हणाली, "तासभर लसणावर कोण बोलत बसणार!"

ही खोड त्यांना त्यांच्या प्रोग्रामने लावली. चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर चौगुल्यांनी एक प्रोग्राम लिहिला. मशीन कधी, किती वेळ बंद पडलं याची तो नोंद ठेवतो. इंटरनेटवर तो सगळ्यांना मोकळा आहे. अटी चटणीच्याच: बदल करून पुढे दिलात तर बदलही उघडे करा, झाकून विकायचं असेल तर त्यांच्याकडून वेगळा परवाना विकत घ्या. मोशीतल्या आमच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भेटेल त्याला ते हे समजावत. "काका, आधी गाडीचा परवाना दाखवा," पोरं म्हणायची. मीही हसायचो.

आता सांगूनच टाकतो. आमची कंपनी मशीनबरोबर नोंदीची जी पेटी विकते, तिच्यात चौगुल्यांचाच प्रोग्राम आहे. तो मी घातला. साहेबांना घाई होती. "मीच लिहिलाय" म्हणालो. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर चौगुल्यांचं नाव होतं. डबा खाता खाता एकेक पुसत गेलो. बढतीही घेतली.

त्यानंतर दोन वर्षं, चौगुले लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने जायचो. सहा मजले, दुखऱ्या गुडघ्यांनी.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. उद्या साहेबांनाही सांगतो, नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, म्हणालो. वाटलं, आता वकिलाचं नाव काढतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"त्यात काही बदललंत?"

"तिसऱ्या शिफ्टला रात्री बारा वाजता तारीख बदलली की बंद पडलेलं एकच मशीन दोनदा मोजलं जायचं. तेवढं दुरुस्त केलं."

"तिसरी शिफ्ट!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मी जन्मभर पहिल्या शिफ्टचा माणूस, मला कसं कळणार? दाखवा, दाखवा!"

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी माझ्या चौदा ओळी दोनदा वाचल्या. मग आपल्या प्रोग्रामचं एक पान काढलं. वर लिहिलं होतं, 'हातभार लावणारे'. खाली पान कोरं. सहा वर्षांत कुणी एक ओळही पाठवली नव्हती.

"वडिलांच्या नावासकट लिहू ना?"

"नको हो चौगुले. माझं नाव कशाला?"

"परवाना घ्यायचा की सगळं उघडं करायचं, ते तुमच्या साहेबांनी ठरवावं. त्यातून सुटका नाही. हे नाव तुमच्या चौदा ओळींचं, ते वेगळं."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी माझं नाव लिहिलं. मला पडद्याकडे बघवेना. मग ते उठले, मी जाऊ नये म्हणून दाराला कडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.