किंचित सैलावलेली रक्तवाहिनी

वनौषधी संशोधन संस्थेतल्या बाईंनी एका झुडपाच्या पानांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं वेगळी काढली. उंदराच्या रक्तवाहिनीचा इवलासा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून त्यावर ती सोडली, तेव्हा तो तुकडा किंचित सैलावला. बाईंनी अहवालात तसंच लिहिलं आणि खाली जोडलं, ‘माणसांबद्दल अद्याप काही सांगता येत नाही.’

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी अहवाल वाचून कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, हे ‘किंचित’ काढू या. जनतेचा हिरमोड होतो.”

“पण ते किंचितच आहे!”

“आणि उंदीरही काढू. लोक चहा पिता पिता पेपर वाचतात.”

किंचित गेलं, उंदीर गेला, काचेचं भांडं जागेअभावी गेलं. उरलं ते छापून आलं: ‘पानं खा, रक्तदाब पळवा!’ शेजारी बाईंचा हसरा फोटो.

त्या झुडपाचा आजवर उपयोग केला होता तो फक्त कुत्र्यांनी. आता गावातली सगळी कुंपणं बोडकी झाली. नगरपालिकेने झुडपांवर पहारेकरी नेमले. तेही रवंथ करताना सापडले. शेवटी संस्थेलाच प्रयोगासाठी पान मिळेना आणि संशोधन बंद पडलं. संचालक म्हणाले, “ज्याचं संशोधन करायला पान उरत नाही, ते सिद्धच झालं म्हणायचं.”

इथवर बाईंनी सोसलं. पण घरी सासऱ्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या.

“पिकतं तिथं विकत नाही म्हणतात,” ते अभिमानाने म्हणाले, “पण आमच्या घरी तसं नाही. सूनबाईचं औषध मीच पहिलं घेणार!”

“बाबा, तो प्रयोग उंदरावर होता. तोही अख्ख्या उंदरावर नव्हे!”

“अर्ध्या उंदराला जमतं ते मला जमणार नाही?”

बाईंनी समजावलं, की पानातलं द्रव्य आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं, आणि जे उतरतं त्याचं यकृत रूपच पालटून टाकतं. सासरे म्हणाले, “माझं यकृत स्वभावाने गरीब आहे. ते मध्ये पडणार नाही.”

दोन दिवसांनी सासरे खुर्चीतून उठले, खोली गरगरली, आणि पडद्याला धरून ते पडद्यासकट खाली बसले. डॉक्टर धावत आले, रक्तदाब मोजून हादरले, “गोळ्या आत्ताच सुरू करा!” म्हणाले.

“या डॉक्टरांचा फोटो पेपरात आला होता का?” पडद्याआडून प्रश्न आला.

नवऱ्याने बाईंना बाजूला घेतलं. “तू सांग ना त्यांना काहीतरी.”

“खरं तेच तर सांगतेय!”

“म्हणूनच ऐकत नाहीत.”

बाईंनी डोळे मिटले आणि आयुष्यातलं पहिलं शास्त्रीय खोटं बोलल्या. “बाबा, नवं संशोधन आलंय. पान खायचं नसतं, हुंगायचं असतं. आणि पोटात गोळी असेल तरच वासाचा गुण लागतो.”

“मग हे आधी नाही का सांगायचं!” सासऱ्यांनी गोळी गिळली आणि पानात नाक खुपसलं.

आठवड्यात रक्तदाब ताळ्यावर आला. सासऱ्यांनी बागेतल्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी गावाला. दवाखान्यात गोळ्यांसाठी रांगा लागल्या, झुडपांना पालवी फुटली. संस्थेने बाईंचा जाहीर सत्कार ठेवला. ‘हुंगण्याच्या शोधाबद्दल’, असं मानपत्रात होतं.

बाईंना राहवलं नाही. खच्चून भरलेल्या सभागृहात त्या म्हणाल्या, “मी खोटं बोलले. पान हुंगून काहीही होत नाही. गुण गोळीचाच आहे.”

मग पहिल्या रांगेतल्या आजींनी हात वर केला. “बाई, उजव्या नाकपुडीने हुंगायचं की डाव्या?”

सगळ्यांनी पेनं काढली.

वाचकहो, तुम्ही हसलात, चांगलं झालं. झुडपाचं नाव या गोष्टीत कुठेही दिलेलं नाही. ते शोधायला पुन्हा वर जाणारच असाल, तर आधी आपली गोळी घ्या.