अगं साहेब!

माणसाने मनात आणलं तर कसल्याही साहेबाला सरळ करता येतं. कसं, ते मला विचारा! आमच्या साहेबाला मी सरळ केलंय, तेही एका शब्दात. तो शब्द मला म्हणायचा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी नोंदवून घेतो. कुठे लिफ्ट अडकली, की आतला माणूस फोनवरून मला झापतो आणि मग आमचे साहेब समोरून झापतात. आम्ही त्यांना 'भोंगा' म्हणतो. सकाळी साडेनऊला सुरू! "तुम्ही माणूस नाही, दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट आहात! ना वर, ना खाली!" हे त्यांनी मला चारचौघांत ऐकवलंय. रजेचा अर्ज दिला, की तो फाडून ते तुकड्यांवर चहाचा कप ठेवतात. माझे तीन अर्ज असेच कपाखाली गेले.

पण या वेळी रजा हवीच होती. गुरुवारी लेकीची पोहण्याची स्पर्धा. मागची दोन वर्षं 'येतो, येतो' म्हणून मी गेलो नव्हतो. या वेळी तिने मला विचारलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, "बाबांसाठी खुर्ची नको धरूस. उगाच रिकामी दिसते."

बायको म्हणाली, "घाबरता काय? तालीम करू. मी भोंगा होते!"

तिने माझा चष्मा नाकावर चढवला, कमरेवर हात ठेवले आणि अशी कडाडली, की मी "चुकलं साहेब!" म्हणून मोकळा झालो.

"अहो, असं नाही! साहेब म्हटलं की तुमची बोबडी वळते. मला रोज बोलता ना, तसं बोला."

ते मात्र जमलं. "अगं, आधी गप्प बस! ओरडतेस काय? गुरुवारी मला रजा हवी म्हणजे हवी!"

"वा! आता पुन्हा!"

तीन दिवस आमचं हेच चाललं होतं. तिसऱ्या संध्याकाळी शेजारचे काका काकुळतीला येऊन दारात उभे. "सूनबाई, देऊन टाक गं त्याला रजा. किती छळशील!"

बुधवारी छाती काढून भोंग्याच्या केबिनमध्ये शिरलो. दार सताड उघडं. बाहेर टेलिफोनवाल्या ताई आणि चार मेकॅनिक कान टवकारून बसलेले.

"परत अर्ज? लाज नाही वाटत? इथे लिफ्ट लोंबकळतायत आणि तुम्हाला पोहायला जायचंय?" भोंग्याने कागद दोन्ही हातांत धरला. आता फाडणार! माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्ची आली आणि तोंड आपोआप उघडलं.

"अगं, आधी गप्प बस! ओरडतेस काय? गुरुवारी मला रजा हवी म्हणजे हवी!"

झालं! मेलो! मी मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.

तेवढ्यात समोरून एक बारीक आवाज आला. "बरं गं, चिडू नकोस ना. तू म्हणशील तसं."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. बोलले ते साहेबच!

"अगं बाई!" बाहेर टेलिफोनवाल्या ताईंच्या तोंडून निघालं.

बाईचा आवाज कानावर पडताच "आलो, आलो!" म्हणत साहेब ताडकन उभे राहिले.

त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी मुकाट्याने अर्जावर सही केली आणि हळूच म्हणाले, "घरची सवय हो. तुमचं काय?"

"माझंही तेच, साहेब."

गुरुवारी लेक पाचवी आली. सहा जणींत! पण पाण्यात उडी मारण्याआधी तिने खुर्च्यांकडे पाहिलं आणि मी दिसताच दोन्ही हात असे काही हलवले, की पंचांनी तिला दटावलं. माझे डोळे भरून आले.

शेजारी बायको ऐटीत बसली होती. म्हणाली, "बघा, तालमीचा उपयोग झाला की नाही? आता आज रजाच आहे, तर घरी गेल्यावर माळा आवरून टाका. तीन वर्षं राहिलाय."

मी उठून हात बांधले.

"होय साहेब!"