ब्रदर लिम यांचा कडक उपास

"उद्या जहाजं यायची थांबली, तर तुझ्या घरात किती दिवसांचा तांदूळ आहे?"

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये शेजारी येऊन बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला लिम यांचा पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, शनिवारपर्यंतचा असेल. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्याच संध्याकाळी मी तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून घरी गेलो.

लिम जन्माने सिंगापूरचे, वंशाने चिनी आणि धर्माने कट्टर मॉर्मन, म्हणजे एका कडक ख्रिस्ती पंथाचे. आता ते नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांना ब्रदर म्हणायची त्यांची सवय बसमध्येही सुटत नसे, म्हणून आम्हीही त्यांना ब्रदर लिमच म्हणायचो. प्लांटवर ते सेफ्टी सांभाळत आणि घरही त्याच शिस्तीत चालवत. अडीअडचणीसाठी घरात धान्य साठवावं ही त्यांच्या पंथाची शिकवण. क्लेमेंटीतल्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये ते ठेवणार कुठे? मग सगळे पलंग तांदळाच्या डब्यांवर चढवलेले. मुलं झोपायला स्टुलावरून चढायची. सोमवारची संध्याकाळ फक्त कुटुंबाची. त्या वेळी प्लांटला आग लागली तरच फोन कर, असं ते बजावत आणि वर म्हणत, "स्मॉल फायर, नो नीड, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची त्यांची अस्सल सिंगापुरी लकब होती.

चहा-कॉफी तर वर्ज्यच. माझ्या बायकोला, मेधाला, हे काही पटेना. चहाला नाही म्हणणारा माणूस मनात काहीतरी धरून असतो, असं तिचं ठाम मत.

अशात आमच्या ईराला डेंग्यू झाला. सहा वर्षांची पोर. प्लेटलेट रोज खाली. रविवारी सकाळी हिरड्यांतून रक्त आलं, आणि संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये आकडा आणखी उतरला तर आयसीयूत हलवू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुपारी ब्रदर लिम आले. पांढरा शर्ट, टाय. वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर ते जे बसले, ते हलेचनात. मी पाणी पुढे केलं. फास्टिंग, म्हणाले.

उपास म्हटल्यावर मेधा थोडी सावरली. त्या दिवशी संकष्टी होती, मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणली होती. तिने डबा त्यांच्यापुढे धरला. हे उपासाचंच आहे, चालतं, असं मी समजावलं. त्यांनी बटाटे पाहिले, शेंगदाणे पाहिले, तुपाचा वास घेतला.

"युअर गॉड व्हेरी काइंड, ब्रदर," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या उपासात पाण्याचा थेंबही चालत नाही, हे तेव्हा कळलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. हे आता इथेच चक्कर येऊन पडतील, अशी मेधाला धास्ती. हे आजच कशाला, असं तिने जरा चिडूनच विचारलं. तेव्हा ते संकोचून म्हणाले, घरी बायको-मुलांनीही धरलाय. ईरासाठी.

मेधाने डब्याचं झाकण लावलं. तिनेही मग काही खाल्लं नाही. आम्ही तिघं दाराकडे बघत बसलो. नर्स बाहेर आली की उठायचो आणि ती पुढे निघून गेली की परत बसायचो.

अंधार पडता पडता डॉक्टर आले. आकडा वर सरकला होता. थोडासाच, पण वर. मेधा आत धावली. मी ब्रदर लिम यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "तुमचा उपास फळला."

त्यांनी मान हलवली. "तसं नसतं, ब्रदर. ग्रेससाठी आम्ही याहून किती तरी धरले होते."

"ग्रेस कोण?"

"माझी थोरली. ईराएवढीच होती."

इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून प्रवास केला आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग आज परत का धरला?

"देवाघरी ती मला पुन्हा भेटणार, ते नक्की आहे," ते म्हणाले. "पण ती गेली त्या दिवशी अशाच एका खुर्चीवर मी एकटा होतो. एकट्याने बसायची जागा नाही ही, लाह."