चंद्रभागाबाईंचा पहिला घास

परमेश्वर सांगळेला जगातल्या कुठल्याही अडचणीवर उपाय सापडायचा, आणि तो सापडला की घरच्यांच्या आधी गल्लीला कळायचा. त्याच्या सासूबाईंनी, म्हणजे लिंबागणेशच्या चंद्रभागाबाईंनी, अन्न टाकलं तेव्हा त्याने बीडमधल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना फोन करून सांगितलं, की काळजी सोडा, एका जेवणात त्यांना ताळ्यावर आणतो!

खरं तर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सासरे त्रिंबकराव पेरणी उरकली आणि बसल्या जागी गेले. तेव्हापासून चंद्रभागाबाई नुसत्या वाळत चालल्या होत्या. तेरावं झालं, मनीषाने आईला आपल्या घरी बीडला आणलं, तरी फरक नाही. एक घास घ्यायचा, भाकरी चिवडायची आणि ताट सारायचं, एवढंच चाललेलं. अंगातली चोळी पार ढगळ झाली. डॉक्टरांनी मनीषाला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर दिवाळीच्या आत दुसरं तेरावं घालाल. डॉक्टर तोंडाने फटकळ होते, पण खोटं बोलणारे नव्हते. मनीषा त्या दिवशी मोरीत तोंडावर पदर धरून रडली.

घरचे आपल्या परीने सगळं करत होते. ज्याचं माणूस गेलं त्याने पहिला घास घ्यायचा, मगच बाकीच्यांनी, ही त्यांच्या भावकीची रीत. तेव्हा ताट आधी चंद्रभागाबाईंपुढे यायचं आणि अख्खं घर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायचं. असं कुणी बघत बसलं तर हत्तीलाही घास उतरणार नाही, पण रीत ती रीत.

परमेश्वरचं निदान वेगळं होतं. घरच्या अन्नाला सासऱ्यांची आठवण चिकटलीय, तेव्हा अन्नच बदला. गल्लीच्या तोंडाशी, जिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे रामहरी नावाच्या तरुणाने नवं रेस्टॉरंट काढलं होतं. रामहरीचा हात पुण्याच्या मोठ्या हॉटेलात बसलेला. मोजकी टेबलं, मंद दिवे, थाट सगळा फाइन डायनिंगचा, पण चपला घालून गेलं तरी कुणी हटकत नाही. परमेश्वर तिथे एकदा चहा पिऊन आला होता आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला जाणकार समजत होता. त्याने टेबल राखून ठेवलं, भूक शाबूत राहावी म्हणून दुपारचं जेवण बुडवलं, आणि विचारपूस करायला गावाहून आलेल्या विठ्ठलरावांनाही सोबत घेतलं. विठ्ठलराव हे त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ. रीतभात मोडली तर ते देवालाही जाब विचारतील.

चौघं बसले. रामहरीने स्वतः पहिली वाटी आणली, भोपळ्याचं सूप. बोळक्याएवढी वाटी. चमचे उचलणार तोच विठ्ठलरावांनी हात आडवा केला. ताट पुरतं वाढून होऊ द्या, मग वैनी घास घेतील, मग आपण. परमेश्वरला हे पटलं. चौघंही हात मांडीवर ठेवून भाजी, भाकरी आणि वरणाची वाट बघू लागले. सूप थंड होऊन त्यावर साय धरली. रामहरी आला, भरलेल्या वाट्या बघून त्याचा चेहरा पडला. आवडलं नाही का, त्याने विचारलं. आपण गावंढळ दिसू नये म्हणून परमेश्वर ऐटीत म्हणाला, न्या, न्या! वाट्या गेल्या.

मग रुपयाएवढ्या भाकऱ्या आल्या, वर लोणी आणि ठेचा. विठ्ठलराव म्हणाले, आता भाजी येईल. भाजी आली नाही, रामहरीच आला, आणि भाकऱ्याही गेल्या. तिसऱ्या खेपेला बशीच्या मधोमध लिंबाएवढा भरताचा गोळा आला तेव्हा कुठे परमेश्वरच्या डोक्यात उजेड पडला, की इथे ताट कधी भरतच नाही, येईल ते येईल तसं खायचं असतं. त्याने ते सगळ्यांना समजावलं. विठ्ठलरावांना ही पद्धत मुळीच रुचली नाही, पण ते म्हणाले, "ठीक हाय. वैनी, घ्या."

सगळे चंद्रभागाबाईंकडे बघू लागले. चंद्रभागाबाई परमेश्वरकडे बघू लागल्या. मनीषा हळूच म्हणाली, माय, एक घास. त्या हलल्या नाहीत. आत स्वयंपाकघरात रामहरी भरतातलं मीठ स्वतः चाखून बघत असल्याचं दिसत होतं. भरीत गेलं. आमटीभात आला, वाफा काढून गार झाला आणि गेला. परमेश्वरच्या पोटात आता अशी आग पडली होती की त्याला टेबलावरचा कागदी रुमालसुद्धा पापडासारखा दिसू लागला. मयताला जमल्यासारखे चौघं बसलेले, आणि मनीषाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शेवटची खीर आली. ही गेली की संपलं, हे परमेश्वरला ठाऊक होतं. त्याने सासूकडे पाहिलं, चुलत सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या हाताने त्याला न विचारता खिरीचा चमचा तोंडात घातला.

"जावईबापू," विठ्ठलराव म्हणाले, "वैनीच्या आधी?"

परमेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास धड गिळवेना, धड थुंकवेना. इतक्यात समोर वाटी सरकल्याचा आवाज आला. चंद्रभागाबाईंनी वाटी जवळ ओढली होती. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, बोटांनी खीर खाल्ली, वाटी पुसून घेतली आणि मनीषापुढची वाटीही उचलली.

"लई उशीर केलात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "धनी जेवल्याबिगर मी कवाच जेवले न्हाई. अन् हे समदे मलाच म्हणतेत, तू आदी जेव."

"माय, मग सांगितलं कावून न्हाईस?" मनीषाने विचारलं.

"जेव जेव समदे म्हणले. कुणाच्या मागं जेवू, ते कुणी इचारलं न्हाई."

विठ्ठलराव खाली मान घालून बसले. परमेश्वरने रामहरीला हाक मारली आणि नेलेलं सगळं परत आणायला सांगितलं, सगळं एकदम. मग तो प्रत्येक पदार्थाचा पहिला घास घेत गेला आणि सासूबाई त्याच्यामागून जेवत गेल्या. भाकऱ्या त्यांनी दोनदा मागितल्या.

आठवड्याभराने त्या लिंबागणेशला परतल्या. तेव्हापासून रोज दिवेलागणीला परमेश्वरचा फोन वाजतो. "जेवलात का?" एवढंच विचारणं. नाही म्हटलं तर त्या थांबतात, कितीही वेळ. म्हणून परमेश्वर भूक असो नसो, उन्हं कलताच जेवतो, आणि रात्री कुठे लग्नाचं जेवण असलं तर यजमानाच्या आग्रहाखातर पुन्हा जेवतो. गेल्या लग्नसराईत हे दुहेरी जेवण पोटाला सोसलं नाही. हगवण लागली, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि डॉक्टरांनी पाण्याखेरीज सगळं बंद केलं.

दिवेलागणीला फोन वाजलाच. परमेश्वरने हाताला लावलेल्या सलाईनकडे पाहिलं.

"जेवलो, मामी," तो म्हणाला. "पोटभर."

पलीकडे ताट ओढल्याचा आवाज आला. त्यांचं जेवण उरकेपर्यंत परमेश्वरने फोन कानाला धरून ठेवला.