पातीचा मान

रांगेत बावीस माणसं होती. फळीवर चाळीस वाट्या, तितकेच चमचे. ओट्यावर एक लाकडी बादली, बादलीत कल्हई केलेला पॉट आणि पॉटात आटवलेलं दूध, साय आणि हापूसचा रस. पोत्याखाली बर्फाची एक लादी, कोपऱ्यात जाड्या मिठाची गोणी आणि कौमुदीच्या खिशात एक थर्मामीटर. हे सगळं तिने दोनदा मोजलं आणि जाहीर केलं, "यात चुकण्यासारखं काहीच नाही!"

चुकेला कुठे मोठी जागा लागते? एवढीशी फट मिळाली की ती आत शिरून संसार मांडते!

लोणावळ्यातलं माधवरावांचं दुकान अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि मृगाला बंद होतं. मधल्या काळात तिथे एकच गोष्ट मिळते, आंब्याचं पॉट आइस्क्रीम. आणि तो पॉट गिऱ्हाइकांनीच फिरवायचा! माधवरावांच्या वडिलांना नोकर परवडत नव्हता म्हणून काढलेली ही युक्ती. पुढे तिची परंपरा झाली. रांगेतल्या प्रत्येकाने पाळी आली की दांडा धरायचा, दमला की पुढच्याला द्यायचा. आइस्क्रीम घट्ट होत गेलं की दांडा जड होतो आणि शेवटी कुणाच्या तरी हातात अडतो. ज्याच्या हातात अडला, त्याला पातीचा मान. पाती म्हणजे पॉटात फिरणारं लाकडी पातं. त्याला जे चिकटून येईल ते त्या माणसाने सगळ्यांदेखत चाटायचं.

या वर्षी मात्र माधवरावांचा खांदा धरला होता, आणि चिक्कीवाले अमृतशेठ जागा भाड्याने मागत होते. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं किती, हे मोजणं तर कौमुदीनेही सोडून दिलं होतं! तिने एमएस्सीचा निकाल लागल्या दिवशीच सांगितलं, "बाबा, दुकान मी चालवणार."

"चालव की," माधवराव डोळे तपासायला तळेगावला निघताना म्हणाले, "उघडणीचा आजचा दिवस तुझा. पॉट रिकामा झाला आणि एकही माणूस हिरमुसून गेला नाही, तर किल्ली तुझी. नाहीतर उद्या अमृतशेठना हो म्हणून टाकतो."

अमृतशेठ रांगेशेजारीच स्टुलावर बसले होते. वऱ्हाडात मुलाकडची माणसं बसतात तसे!

कौमुदीने तीन सुधारणा केल्या होत्या. साय दुप्पट घातली. अर्धी लादी फोडून वाट्या गार करायला ठेवल्या. तिसरी सुधारणा जरा नाजूक होती, कारण ती थेट हौशीरामांच्या दुःखाशी निगडित होती.

हौशीराम टाकवे बुद्रुकचे. चिखलात रुतलेली बैलगाडी एकट्याने खांदा देऊन बाहेर काढणारा माणूस. दर वर्षी उघडणीला येत, आणि दर वर्षी पातीविना परत जात. कारण उघड होतं. त्यांच्या हातात दांडा अडतच नसे! ते दमून नव्हे, तर लाजेकाजेस्तव दांडा पुढे देत, आणि पुढे असत तुंगार्लीच्या निवृत्त शिक्षिका अरुंधतीबाई. त्यांच्या मनगटात तो अर्ध्या फेऱ्यात अडे. मान बाईंना!

"ही पद्धत आइस्क्रीम मोजत नाही, गिऱ्हाईक मोजते," कौमुदी रांगेला म्हणाली. "आजपासून हात नाही, थर्मामीटर. उणे सहा अंश झाले की तयार. त्या वेळी दांडा ज्याच्या हातात, पाती त्याची."

"आता कसं!" हौशीराम म्हणाले. "ताई, शिकल्याचा उपेग हाय बगा. लय वर्सं अन्याव झालाय माज्यावर."

"अन्याय?" अरुंधतीबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "हौशीराम, मी काय कॉपी करून पास होत होते का?"

पॉट फिरू लागला. रांग सरकली. बाईंची पाळी आली आणि रिवाजाप्रमाणे दांडा अर्ध्या फेऱ्यात अडला. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या!

"थांबा!" कौमुदीने झाकण उघडून थर्मामीटर बुडवला. "उणे चार. अजून दोन अंश."

"अगं, झालंय ते. हात सांगतोय माझा."

"बाई, हाताला अंश नसतात."

दांडा परत हौशीरामांकडे आला. त्यांनी बाह्या सारल्या आणि जातं ओढावं तसा तो फिरवला. कौमुदीने पुन्हा झाकण उघडलं. उणे तीन! वैशाखातली हवा आत, गारवा बाहेर. तिने बादलीत हात घातला तर बर्फ कमी आणि खारं पाणी जास्त. पोत्याखाली हात घातला तर पोतं ओलं आणि लादी गायब. उरलेला बर्फ वाट्यांखाली पाणी होऊन बसला होता. वाट्या मात्र अतिशय गार होत्या.

रांगेतला पवन रिक्षा घेऊन बर्फ आणायला सुटला. शनिवारचा दिवस, एक्स्प्रेसवेवरून उतरलेल्या गाड्यांनी गाव तुंबलेलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "ताई, बर्फ आहे, रस्ता नाही!"

"हौशीरामकाका, थांबू नका! थांबलं की खडे धरतात!" कौमुदी ओरडली. हे पुस्तकात होतं. पुस्तकातला माणूस बर्फासकट आइस्क्रीम करत होता, एवढाच काय तो फरक.

"म्या कुटं थांबतोय!" हौशीराम म्हणाले. घाम हनुवटीवरून गळत होता. त्यांच्यामागे डोक्यावर गाठोडं घेतलेल्या त्यांच्या पत्नी, बयाबाई, कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

उणे एक. दोन. सात. दांडा आता इतका हलका झाला होता, की पाळण्याची दोरी ओढावी तसा फिरत होता. रांगेतला प्रत्येक जण एकेक सल्ला देत होता. कुणी म्हणे मीठ घाला, कुणी म्हणे पंखा लावा, एकाने तर नवस सुचवला! अमृतशेठ स्टुलावरून उठले आणि दुकानाची रुंदी पावलांनी मोजू लागले. त्यांनी बहुधा राजगिऱ्याच्या वड्यांची जागाही ठरवली होती.

पवनचा फोन पुन्हा वाजला. "ताई, रस्ता मोकळा झाला! बर्फ नाही!"

कौमुदीने झाकण उघडलं. बारा अंश. बारा! हा आकडा तिने कुठेतरी पाहिला होता. दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक, दुग्धपदार्थ, साय घुसळण्याचं योग्य तापमान... आठवण पूर्ण व्हायला आणि दांडा खाडकन अडायला एकच गाठ पडली.

"आडला!" हौशीराम गरजले. त्यांनी जोर लावला. दांडा हलेना. "आडला! माज्या हातात आडला! बाई, बगा!"

बावीस माणसं टाचा उंचावून उभी राहिली. पाती बाहेर निघाली. तिच्यावर हळदीच्या नवरीसारखा पिवळाधमक, चकाकणारा गोळा होता आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं. हौशीरामांनी डोळे मिटले, पाती दोन्ही हातांत धरली आणि चाटली.

"लोनी हाय," ते हळूच म्हणाले.

"पस्तीस वर्सं झाली लग्नाला," बयाबाई म्हणाल्या, "ह्यांनी घरात कदी रवीला हात लावला न्हाई. आज भर बाजारात ताक केलं!"

अरुंधतीबाईंनी चष्मा लावून गोळ्याची पाहणी केली. "अभिनंदन, हौशीराम. फक्त हा विक्रम आइस्क्रीमच्या खात्यावर मांडायचा का, एवढंच विचारते."

कौमुदी ओट्याला टेकली. किल्ली गेली, दुकान गेलं. ती म्हणाली, "मी सगळ्यांची माफी मागते. आज आइस्क्रीम नाही."

कुणी जागचं हललं नाही. पाती चाटणारा माणूस अजून चाटत होता, आणि तेच सगळे बघत होते.

"आंब्याचं हाय ना?" बयाबाईंनी गाठोडं सोडलं. आत वाटेसाठी बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या होत्या. "मंग रडतीस कशापायी? आन हिकडं."

पहिली भाकरी हौशीरामांनी खाल्ली, दुसरी रांगेने. कुणीतरी बेकरीतून पावाच्या लाद्या आणल्या. अरुंधतीबाईंनी पिशवीतली बिस्किटं काढली, म्हणाल्या, "पाती नाही तर नाही." खाली उरलेलं गोड ताक त्या अतिशय गार वाट्यांतून वाटलं गेलं. रस्त्यावरचे बघेही येऊन मिळाले आणि वाट्या कमी पडल्या! शेवटी अमृतशेठनी खिशातून चिक्कीचा तुकडा काढला, त्याला लोणी लावलं, खाल्लं आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

माधवराव तळेगावहून आले तेव्हा पॉट निपटून पुसल्यासारखा रिकामा होता. त्यांनी रांगेतल्या माणसांचे चेहरे पाहिले. पातीचा वास घेतला. मग खिशातून किल्ली काढून कौमुदीच्या हातावर ठेवली.

"ठरलं होतं तेवढंच बघतोय," ते म्हणाले. "बाकीचं विचारत नाही."

पुढच्या शनिवारी कौमुदीने थर्मामीटर कपाटात बंद केला. साय नेहमीइतकी घेतली, बर्फाच्या तीन लाद्या मागवल्या, आणि दांडा बाईंच्या हातात अडेल तेव्हाच आइस्क्रीम झालं असं मानायचं ठरवलं. शटर वर करून तिने रांग मोजली.

माणसं एकेचाळीस. त्यांपैकी घरून भाकरी किंवा पाव घेऊन आलेली अडतीस.