फाकडू मल्लेशअण्णा

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की मल्लेशअण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, मान वर करतात आणि "आली मैना, ठुमकत आली" असं जाहीर करतात. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे या घोषणेला भलतंच वजन आहे. घराघरांतून घागरी, बादल्या, पिंपं बाहेर पडतात. गल्लीत नवा भाडेकरू आला असेल तर तो मात्र आधी खिडकीत मैना बघायला येतो. मीही आलो होतो. बायकोनं मला मागे ओढून हातात बादली दिली.

शुक्रवार पेठेत आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशीची गोष्ट. मी टेंपोतून कपाट उतरवत होतो. एक उंच, सडसडीत म्हातारा समोर येऊन उभा राहिला. पांढरा शुभ्र लेंगा, पांढरा सदरा, दाढी-मिशी गुळगुळीत. "काय फाकडू, मैना कुटं ठिवली?" त्यानं विचारलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मला झुपकेदार मिशी आहे, जाड भिंगाचा चष्मा आहे आणि चालताना मी थोडा वाकतो. फाकडू म्हणावं असं माझ्यात काही नाही. तेवढ्यात मागून मैना, म्हणजे माझी बायको, लोणच्याच्या बरण्यांचं खोकं घेऊन उतरली आणि इतकी हसली की आतल्या बरण्या वाजायला लागल्या. त्या दिवसापासून मी गल्लीत फाकडू सर झालो तो झालोच.

अण्णा जन्मानं तेलुगू. मिसरूड फुटायच्या वयात मागावर काम करायला सोलापुरात आले आणि जन्मभर चादरी विणल्या. बायको शालनकाकू करमाळ्याकडच्या केम गावच्या. त्याही त्याच कारखान्यात होत्या. आता मुलगी विजया पुण्यात बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि हे दोघं इथं, आमच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. काकू दिवसभर गॅलरीत बसून काहीतरी निवडत असतात. त्यांना कमी ऐकू येतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागावर जन्म काढलेल्यांचे कान असेच होतात. तरी मी रोज कॉलेजला जाताना मान वर करून "काय काकू, बरं आहे ना" म्हणायचो आणि त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या. बाई जरा शिष्ट आहेत असं माझं मत झालं होतं.

तर अण्णांची भाषा. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात पानपट्ट्यांवर, लग्नांत, मंडळांच्या मांडवांत जी मराठी गाणी दणदणायची, त्यांतले चलनी शब्द तुम्हाला आठवत असतील. फाकडू, झ्याक, कडक, फस्कलास, फटफटी, मैना. ती गाणी म्हातारी झाली आणि हे शब्द केव्हाच मोडीत गेले. अण्णांचा संसार मात्र अजून त्यांच्यावरच चालतो. चहा झ्याक असतो. गल्लीतल्या पोरांचे मार्क फस्कलास असतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गल्लीत भेटल्या की ते त्यांना "फटफटी झोकात हाय" असं सांगतात आणि त्या बिचाऱ्या आपल्या स्कूटीकडे बघून लाजतात. वीज मंडळाचा माणूस रीडिंग घ्यायला आला की "आला बिजलीचा राजा" म्हणून त्याचं स्वागत होतं. तो माणूस बाकीच्या गल्ल्यांत शिव्या खाऊन आलेला असतो, त्यामुळे अण्णांच्या दारात तो जरा जास्तच वेळ रेंगाळतो.

बरं, हे सगळं हळू आवाजात, सहज, असं नाही. अण्णा प्रत्येक शब्द दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखा तोंड उघडून उच्चारतात. शिवाय तुम्ही त्यांच्याशी बोलायला उभे राहिलात की ते तुमचे दोन्ही खांदे धरून तुम्हाला फिरवतात आणि तुमची पाठ त्यांच्या घराकडे करतात. मग स्वतः तुमच्या डोक्यावरून घराकडे तोंड करून बोलतात. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन तोंडावर घेऊन बोलतील, पण दिशा बदलणार नाहीत. मी आधी याचा संबंध वास्तुशास्त्राशी लावला होता. माझ्या बायकोचं म्हणणं, त्यांना माझ्याकडे बघून बोलवत नसेल.

आणखी एक खोड. तुम्ही जे बोललात ते अण्णा पुन्हा मोठ्यानं सांगतात, पण आपल्या भाषेत. मी म्हणालो, "अण्णा, आज महाविद्यालयाला स्थानिक सुट्टी आहे," की अण्णा आभाळाकडे बघून सांगणार, "फाकडू सर म्हनतेत, आज कालेजला टांग." भाजीवाली कोथिंबीर महागली म्हणाली की "कोथमिरीनं भाव खाल्ला." गल्लीत कुणाचंही काहीही गुपित राहत नसे. कुलकर्ण्यांच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी कुलकर्ण्यांच्या आधी अण्णांनी गल्लीला दिली होती, तीही एका जुन्या गाण्याच्या चालीवर.

कोपऱ्यावरच्या पोरांनी एकदा त्यांना सुधारायचा प्रयत्न केला. अण्णा, आता फाकडू कुणी म्हणत नाही, आता 'विषय खोल' म्हणतात, असं त्यांनी शिकवलं. अण्णांनी त्या पोराला परत म्हणायला लावलं आणि त्याच्या ओठांकडे सुताची गाठ तपासावी तसं टक लावून बघितलं. "ह्यात तोंडच हालत न्हाय," ते म्हणाले. "शब्द दिसला पायजे की रं." पोरं हसली, मीही हसलो. स्टाफरूममध्ये तर मी यावर एक सिद्धान्तच मांडला. अण्णा मागाच्या कारखान्यात गाणी ऐकून मराठी शिकले, त्यामुळे त्यांना दुसरी मराठी येतच नाही. सहकाऱ्यांनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं. मास्कच्या दिवसांत हाच माणूस साफ मुका झाला होता, असं गल्लीत सांगायचे. ते माझ्या सिद्धान्तात बसत नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं.

अशात अण्णांच्या नातीचं, पूजाचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्यातलाच, पण घराणं मोडनिंबचं. साखरपुडा सोलापुरात करायचा होता आणि मुलीकडून चार शब्द आजोबांनी बोलायचे, असा व्याह्यांचा आग्रह होता. विजयाताई धावत माझ्याकडे आल्या. "सर, अण्णा तिथं व्याह्यांच्या आईला मैना म्हणाले तर मी काय करू?" त्यांनी विचारलं. बँकेतले सहकारी येणार, मुलाचे साहेब येणार. लेकीच्या सासरी पहिल्याच दिवशी हसं व्हायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

मी हे काम अंगावर घेतलं. अण्णा रोज संध्याकाळी माझ्या मागच्या खोलीत येऊन बसायचे. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी ते साध्या, स्वच्छ मराठीत बोलले. आवाज बेताचा, ओठ बेताचे. तेलुगू वळण किंचित, तेही कानाला गोड. 'उपस्थित स्नेहीजन', 'ऋणानुबंध', 'शुभाशीर्वाद' असले दगडी शब्दही त्यांनी सुपारीसारखे सहज फोडले. मी स्वतःवरच खूष झालो. शिकवणं असावं तर असं. अण्णांनी सबंध तालमीत मला एकच प्रश्न विचारला, तोही दोनदा. हॉलमध्ये बायका कुठल्या बाजूला बसणार? मी म्हटलं, कुठंही बसोत, तुम्ही माइककडे बघा.

साखरपुड्याचा हॉल भरला. मोडनिंबकडची मंडळी पुढे, सगळ्यांत पुढे मुलाचे आजोबा, गुलाबी फेटा बांधून, काठीवर हनुवटी टेकून. बायका पार पलीकडच्या भिंतीशी. तिथं शालनकाकू नव्या इरकलीत बसल्या होत्या. अण्णा माइकसमोर उभे राहिले. "आदरणीय व्याही मंडळी आणि उपस्थित स्नेहीजन," त्यांनी सुरुवात केली. एकही शब्द घसरला नाही. विजयाताईंनी माझ्याकडे वळून हात जोडले. मी खाली बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होतो.

तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अण्णांची नजर भिंतीकडे गेली. माझीही गेली. काकू सगळ्यांसारखं हसू तोंडावर ठेवून अण्णांकडे बघत होत्या. ते हसू मला ओळखीचं वाटलं. वर्गात ज्याला काही कळलेलं नसतं तो मुलगा असा हसतो. मग त्यांनी नजर खाली घातली आणि मांडीवरच्या गजऱ्याच्या पाकळ्या एकेक करून सारख्या करायला लागल्या. सख्ख्या नातीचा साखरपुडा होता आणि त्या तिथं पाहुण्यासारख्या बसल्या होत्या.

अण्णा थांबले. त्यांनी तोंडासमोरचा माइक वाकवून खाली छातीशी केला. माइकवाला धावला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग हॉलकडे पाठ गेली तर गेली, पण भिंतीकडे पुरतं तोंड करून, गल्लीत उभे राहतात तसे उभे राहिले आणि जबडा उघडून म्हणाले, "पोरगी आमची फस्कलास. जावई फाकडू. जोडी कडक जमली."

विजयाताईंनी डोळे मिटून घेतले. मला खुर्चीखाली जागा असती तर बरं, असं झालं. आणि सगळ्यांत आधी हसल्या त्या शालनकाकू. अर्धा हॉल अजून 'हे काय बोलले' म्हणून एकमेकांना विचारत होता, आणि सगळ्यांत लांब बसलेली, सगळ्यांत कमी ऐकू येणारी बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग गुलाबी फेट्यानं काठी जमिनीवर आपटली. "लई झ्याक बोलले, पाव्हणं," मोडनिंबचे आजोबा म्हणाले. "किती वर्सांनी ऐकला ह्यो शबूद. व्हय की न्हाय रं?" त्यांच्याकडची सगळी मंडळी हसायला लागली.

अण्णांना आता कोण अडवणार होतं? त्यांनी भिंतीकडे बघत चालीवर म्हटलं,

"कडक शिट्टी मारली मैने, आली का गं ऐकू?"

शालनकाकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता. ज्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही त्याचा असतो तसा सपाट, मोठा, चालीला सोडून जाणारा आवाज. कुणाची लाज न धरता त्यांनी उत्तर दिलं,

"आली की रं फाकडू माझ्या, नको भाव खाऊ!"

मग जे झालं त्याला साखरपुडा म्हणायचं की गड्ड्याची जत्रा, मला ठरवता येत नाही. मोडनिंबच्या आजोबांनी दोन बोटं तोंडात घालून खरोखरच शिट्टी मारली. मुलाचे साहेब टाळ्या वाजवत होते. पूजा धावत जाऊन आजीच्या गळ्यात पडली. विजयाताई रडत होत्या आणि हसतही होत्या.

जेवताना अण्णा माझ्या शेजारी बसले. इथून भिंत दिसत नव्हती, त्यामुळे ते साध्या आवाजात, साध्या मराठीत बोलले. कारखान्यात माग चालू झाले की बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नसे, ते म्हणाले. सगळे ओठांवर बोलत. समोर ही सुताच्या कांड्या भरायला बसायची. मराठी धड येत नव्हती, म्हणून ते गाण्यातले शब्द मागावरून ओठांनी तिला म्हणायचे आणि ती तिकडून हसायची. पुढे तिचे कान गेले. यंत्र आणलं, पण ते घातलं की तिच्या डोक्यात सगळे माग एकदम सुरू होतात, म्हणून ती घालत नाही.

"जवळ बसून सगळं सांगतो मी तिला," ते म्हणाले. "पन लांबून तिला तेवडेच शब्द दिसतेत, सर. गल्लीत काय चाललंय ते तिला कळायला नको का? तुमची मराठी चांगली हाय. निस्ती तोंडातल्या तोंडात ऱ्हाती." मिशी का ठेवत नाही, हेही त्यांनी सांगितलं, पण ते मला तोवर कळलं होतं. मला जे काही वाटलं ते सगळं मी बासुंदीची वाटी तोंडाला लावून लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी झुपकेदार मिशी काढून टाकली. बायकोनं मला आधी ओळखलंच नाही. तेवढ्यात नळ खळखळला. अण्णा अजून अंघोळीला होते. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, गॅलरीकडे तोंड केलं, सगळे दात दिसतील असं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात म्हणालो, "आली मैना, ठुमकत आली."

काकूंनी सुपातून मान वर केली. माझ्या डोक्यावरून पलीकडे न बघता, थेट माझ्या ओठांकडे बघितलं.

"बगितली की, फाकडू," त्या म्हणाल्या आणि बादली घ्यायला आत गेल्या.