पक्षिमित्र सोसायटी

रियाच्या मानेवर घामोळं फुटलं, तरी मनिषाने एसी लावला नाही. एसीच्या बाहेरच्या डब्याला लागून, पाइपांच्या वळणात बुलबुलाची पिल्लं होती. डबा सुरू झाला असता तर भाजूनच निघाली असती.

"आपली पोर उकडतेय आणि तुला बुलबुल सुचतोय?" प्रणित वैतागला.

"मग त्यांनी जायचं कुठे? झाड ठेवलंय का?"

खिडकीखालचा बदाम सेक्रेटरी प्रभाकरकाकांनी होळीनंतर तोडून घेतला होता. पक्षी गाड्या घाण करतात म्हणून. तेव्हापासून करंजाड्यातल्या या पहिल्या मजल्यावर भिंतीला हात लावला तरी चटका बसे. मनिषा रियाला ओल्या पंच्याने पुसत बसायची. तिकडे चोची उघड्या, इकडे तोंड उघडं.

घरट्याचं कळताच प्रभाकरकाका धावत आले. "एसी लावू नको हां! आपली सोसायटी हरित स्पर्धेत हाय. झाडं नाय तर नाय, पक्षी तरी दाखवू."

"झाड तुम्हीच तर..."

"जुनं काढू नको गं."

परीक्षक आले. काकांनी घरट्याखाली उभं राहून फोटो काढला. पहिला नंबर! बक्षीस एका दुकानदाराने दिलेलं: एसी. तो सोसायटीच्या ऑफिसात बसला आणि त्याचा डबा बदामाच्या मोकळ्या जागी, थेट रियाच्या खिडकीखाली.

तोवर पिल्लं उडाली होती. पण खालच्या गरम झोतामुळे मनिषाचा एसी आता सारखा बंद पडू लागला.

"काका, रियाला झोप नाही. डबा हलवा ना."

"आता कुठं हलवू? हां, त्यात पक्ष्यानं घर केलं तर लगेच बंद ठेवू. नाव झालंय आपलं!"

दुपारी आवारात कुणी नसताना मनिषा खाली उतरली. केरसुणीच्या काड्या वाकवून तिने वाटी केली, आत नारळाची शेंडी भरली आणि ऑफिसच्या पाइपांत घट्ट बसवली.

संध्याकाळी डबा बंद. शेजारी बोर्ड: 'शांतता राखा.'

सकाळी खरा बुलबुल आला. त्याने वाटीत मान घातली, आजूबाजूला पाहिलं आणि दूरच्या झाडांच्या दिशेने निघून गेला.

बनियनवर बसलेले प्रभाकरकाका घाम पुसत ऑफिसच्या दारात आले. "मनिषा, अंडी कधी घालतील गं?"

"खाली झाड आलं की," मनिषा वरच्या खिडकीतून म्हणाली. मग खिडकी लावून घेतली आणि एसी सुरू केला.